बराकपूरचे ऋतू आणि पैलतीरावरचा चित्रकार

बराकपूरचे नाव निघाले की आपल्या मनात प्रथम येते ती 29 मार्च 1857 ची आठवण, आणि मंगल पांडे यांचे नाव. ते यथायोग्यच आहे. परंतु या गावाचा चित्रकलेशीही एक जुना संबंध आहे. तो समजण्यासाठी मात्र गंगेच्या काठी उभे राहून पलीकडे पाहावे लागते.

आम्ही ज्या काठावर उभे होतो, त्या बागेला येथील लोक लाटबागान म्हणतात, लाटसाहेबांची बाग. लॉर्ड वेलस्लीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे भव्य प्रासाद बांधावयास घेतला. कंपनीच्या संचालकांनी खर्चाला नकार दिला, आणि पुढे लॉर्ड हेस्टिंग्जच्या काळात गव्हर्नर-जनरलचे निवासस्थान वाढविण्यात आले. समोर, नदीपलीकडे, 1806 साली पूर्ण झालेल्या सेंट ओलाफ चर्चचे शिखर दिसते. ते श्रीरामपूर. 1845 पर्यंत तेथे डेन्मार्कचे निशाण होते. म्हणून कलकत्त्यात कर्जबाजारी झालेला मनुष्य नावेत बसून पैलतीरी उतरला की सावकाराचा व न्यायालयाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नसे.

असा आश्रय घेणाऱ्यांत जॉर्ज चिनरी हा इंग्रज तैलचित्रकार होता. 1774 साली लंडनमध्ये जन्मलेला हा कलावंत 1802 मध्ये मद्रासेस आला, तेथून बंगालमध्ये, मग काही वर्षे ढाक्यास, आणि 1812 पासून कलकत्त्यास राहिला. न्यायाधीश, व्यापारी, लष्करी अधिकारी यांची व्यक्तिचित्रे रंगवून त्याने नाव मिळविले. मिळकतीहून अधिक खर्च करून कर्जही मिळविले. 1820 नंतर तो श्रीरामपुरी आला, आणि 1825 मध्ये देणेकऱ्यांना मागे टाकून मकाव येथे निघून गेला. तेथेच 1852 साली त्याचा अंत झाला.

व्यक्तिचित्र हे त्याचे पोटाचे साधन होते. मन मात्र बंगालच्या खेड्यात रमले होते. गवताने शाकारलेली झोपडी, पडझड झालेले थडगे, तळ्याकाठची गुरे, डोक्यावर घडा घेतलेली स्त्री, हे त्याचे आवडते विषय. त्याच्या आधी 1786 मध्ये कलकत्त्यास उतरलेल्या डॅनिएल काका-पुतण्यांनी हिंदुस्थानभर हिंडून मंदिरे व किल्ले रंगविले. चिनरी एका प्रांतात वर्षानुवर्षे राहिला. प्रवासी माणसाला स्थळ दिसते. ऋतू दिसण्यास मुक्काम लागतो. बंगालची साधी भूमी चित्रात उतरली, तिचे काही श्रेय या मुक्कामास दिले पाहिजे, आणि शेवटची काही वर्षे तरी तो मुक्काम कर्जाच्या धाकाने घडलेला होता.

परंतु ऋतू आणि तैलरंग यांचे येथे सहजी जमत नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. दमट हवेत हे काम आणखी रेंगाळते, कापड सैल पडते, त्यावर बुरशी धरते. आषाढ-श्रावणातील बंगाल पाहण्यास जितका मोहक, तितकाच तो तैलचित्रकारास प्रतिकूल. शिवाय साहेबलोक वर्षाचे तीनच भाग मानीत: उष्ण, पावसाळी आणि थंड. त्यांत सुखाचा काय तो शेवटचाच. आपणही बोलण्यात तीनच ऋतू मोजतो. बंगाली मनुष्य मात्र आजही सहा सांगतो, आणि शरद व हेमंत यांतील भेद त्याला आकाशावरून ओळखता येतो.

चिनरीने या अडचणीवर आपल्यापुरता उपाय योजला होता. तो उघड्यावर पेन्सिलीने किंवा लेखणीने रेखाटने करी आणि त्यांच्या कडेला गर्नीच्या लघुलिपीत टिपणे लिहून ठेवी. तैलचित्र मागाहून, घरात. म्हणजे ऋतू प्रथम टिपणात उतरे, रंगात नंतर. त्याच्या चित्रांतील छाया-प्रकाशाचा ठळक विरोध पाहताना हे आठवावे. ती क्षणाची नक्कल नव्हे. जपून ठेवलेली आठवण आहे.

या आठवणीत काय आले नाही, हेही सांगितले पाहिजे. 1824 च्या हेमंतात, चिनरी बंगाल सोडण्याच्या आदल्या वर्षी, ब्रह्मदेशाच्या युद्धावर निघण्याचा हुकूम झालेल्या हिंदी शिपायांनी बराकपुरात सामान वाहण्यासाठी बैलांची मागणी केली. 2 नोव्हेंबरला कवायतीच्या मैदानावर त्यांच्यावर तोफा डागण्यात आल्या. ज्या थंड ऋतूची साहेबलोक वर्षभर वाट पाहत, त्याच ऋतूच्या तोंडी हे घडले. नदीकाठची शांत झोपडी खोटी नव्हे. पण तिच्यावरून त्या वर्षीचा हेमंत ओळखू गेलो तर आपली फसगत होईल. निसर्गचित्र हा इतिहासाचा साक्षीदार खरा, मात्र त्याला विचारावे तेवढेच तो सांगतो.

लाटबागेतच लेडी शार्लट कॅनिंगची समाधी आहे. तीही चित्रे काढी. तिचे माध्यम जलरंग, लवकर वाळणारे. दार्जिलिंगहून परतताना तराईच्या तापाने ती आजारी पडली आणि 18 नोव्हेंबर 1861 रोजी गेली. पुन्हा तोच ऋतू.

येथे आम्हांस कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवतात. मुंबईच्या कलाशाळेत शिकून ते गावी परतले आणि कोटितीर्थाच्या परिसराची निसर्गचित्रे रंगवीत राहिले. 1931 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना कोणी अडकवून ठेवले नव्हते. ते आपल्या मातीत आपण होऊन राहिले. चिनरीला परक्या मातीने धरून ठेवले. दोघांनाही दिसले ते थांबल्यामुळे.

आपली गोष्ट या दोघांच्या मधली आहे. आपण हुकुमाने येतो आणि तीन वर्षांनी हुकुमानेच जातो. पहिला पावसाळा घर लावण्यात आणि शेवटचा सामान बांधण्यात सरतो. हाती खरा राहतो तो मधला एक. तेवढ्यात एकदा आश्विनात बराकपूरच्या धोबीघाटावरून नावेने श्रीरामपुरास जावे, आणि परतताना पाण्यावरचा उजेड नीट पाहून घ्यावा. चित्र काढता येत नसेल तर टिपण लिहावे. चिनरीनेही आरंभ तेथूनच केला होता.