कुर्तुब्याची मस्जिद आणि वर्गातला एक प्रश्न

अल्लामा इकबाल यांची 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म आम्ही वर्गात वाचून दाखवली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, ही मस्जिद आपल्याकडून कोणी घेतली?" आम्ही सवयीने सांगितले, "ख्रिश्चनांनी, १२३६ साली." उत्तर चूक नव्हते, पण घरी आल्यावर ते अपुरे वाटू लागले. शिक्षकाने मुलाला अर्धे उत्तर देऊन बसवणे बरे नव्हे. म्हणून हा लेख.

आम्ही स्पेनला गेलेलो नाही. शिक्षकाच्या पगारात ते जमणारेही नाही. पण पुस्तके, नकाशे आणि छायाचित्रे यांच्या आधाराने या शहरात अनेकदा फिरलो आहोत. आज वाचकांनीही आमच्यासोबत फिरावे.

शहराचे आजचे नाव कॉर्दोबा. दक्षिणेकडून येताना आधी लागते ती ग्वादलकिवीर नदी. नाव परके वाटते, पण ते अरबी 'अल्-वादी अल्-कबीर'चेच रूप आहे. तिच्यावरचा सोळा कमानींचा पूल मूळचा रोमनांचा. आठव्या शतकात मुस्लिम सुभेदाराने त्याची दुरुस्ती केली आणि पुढे ख्रिश्चन राजवटीतही डागडुजी होत राहिली. पूल ओलांडला की समोर मस्जिद.

इ. स. ७५० मध्ये दमास्कसच्या उमय्या घराण्याची कत्तल झाली. ती करणारे अब्बासीही मुसलमानच. त्यातून जीव वाचवून पळालेला तरुण शहजादा अब्दुर्रहमान ७५६ मध्ये कुर्तुब्याचा अमीर झाला आणि ७८५च्या सुमारास त्याने या मस्जिदीचे काम सुरू केले. पुढे दोनशे वर्षे ती वाढत गेली. शेवटची मोठी भर हाजिब अल्-मन्सूर याने ९८७च्या सुमारास घातली.

संत्र्यांच्या झाडांनी भरलेल्या सहनातून आत गेले की खांबांचे रानच लागते. आजही साडेआठशेच्या आसपास खांब उभे आहेत. जुन्या भागातले कितीतरी खांब रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले आहेत. ते आखूड पडले, तेव्हा कारागिरांनी त्यांच्यावर एकावर एक अशा दोन कमानी रचल्या आणि त्यांत लाल विटा व पांढरा दगड आळीपाळीने बसवला. छत उंच झाले आणि अशी शोभा आली, की आज जगभरचे लोक ती पाहायला येतात. दुसऱ्या हकमच्या काळातल्या मेहराबीवर सोनेरी मोझाइकची नक्षी आहे. त्यासाठी साहित्य आणि कारागीर कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिश्चन बादशहाने पाठवले, असे अरब इतिहासकार सांगतात.

जून १२३६ मध्ये राजा तिसऱ्या फर्डिनांडने शहर जिंकले आणि मस्जिदीचे चर्च झाले. तरी पावणेतीनशेहून अधिक वर्षे इमारतीचे रूप बरेचसे शाबूत राहिले. १५२३ मध्ये बिशपने मधला भाग पाडून तेथे उंच कॅथेड्रल बांधायचे ठरवले. त्याला आडवे कोण आले? मुसलमान नव्हेत, त्यांचे तेथे काही चालत नव्हते. आडवी आली ती शहराची ख्रिश्चन नगरपरिषद. बादशहाचा निर्णय येईपर्यंत जो कोणी या इमारतीला हात लावील त्याला देहदंड, असा हुकूम तिने काढला. बादशहा पाचव्या चार्ल्सने कौल बिशपच्या बाजूने दिला. पुढे काम पाहून, 'जगात कोठेही होऊ शकेल अशा वस्तूसाठी तुम्ही एकमेव वस्तू मोडलीत,' अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले, असे म्हणतात. कॅथेड्रलचे काम १६०७ पर्यंत चालले. मिनारही घंटाघराच्या आत बंदिस्त झाला.

१९३३ मध्ये इकबाल येथे आले. मस्जिदीत नमाज अदा करतानाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आज येथे ख्रिस्ती उपासना होते, मुसलमानांना नमाजची परवानगी नाही. २००६ मध्ये चर्चने केवळ ३० युरो शुल्क भरून ही वास्तू आपल्या नावे नोंदवली. त्यावरून स्पेनमधल्याच अनेक नागरिकांनी वाद उभा केला. हे दुःख आम्हालाही आहे, ते लपवण्याचे कारण नाही.

पण शहर अजून संपलेले नाही. पश्चिमेला सुमारे आठ किलोमीटरवर मदीनत-अज्-जहराचे अवशेष आहेत. खलिफा तिसऱ्या अब्दुर्रहमानने ९३६च्या सुमारास वसवलेले हे राजनगर शंभर वर्षेही टिकले नाही. १०१०च्या सुमारास यादवी माजली आणि बंडखोर बर्बर फौजांनी ते लुटले, जाळले. ते फौजीही मुसलमानच होते. दुसऱ्या हकमच्या विख्यात ग्रंथालयातली तत्त्वज्ञानाची पुस्तके उलेमांना खूश करण्यासाठी अल्-मन्सूरने जाळली. मस्जिद वाढवणारा तो हाच.

जुन्या शहराच्या तटाजवळ इब्न रुश्दचा पुतळा आहे. ११२६ मध्ये येथेच जन्मलेल्या या काजीला ११९५ मध्ये मुस्लिम खलिफानेच हद्दपार केले आणि त्याचे ग्रंथ जाळले. तेच ग्रंथ पुढे लॅटिनमधून युरोपच्या विद्यापीठांत शिकवले गेले. ज्यू मोहल्ल्यात मूसा बिन मैमूनचा पुतळा आहे. मुवह्हिदांच्या सक्तीमुळे त्याच्या कुटुंबाला कुर्तुबा सोडावे लागले. त्याला आसरा मिळाला तो मिसरमध्ये, सलाहुद्दीन अय्यूबीच्या राज्यात, तबीब म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला हे सारे सांगितले. मस्जिद १२३६ मध्ये गेली हे खरेच. पण तिच्याआधी राजनगर गेले, पुस्तके गेली, इब्न रुश्द गेला. आणि ते आपल्याच हातांनी गेले. मस्जिद मोडू नये म्हणून उभे राहिले ते मात्र परधर्मीय नगरसेवक.

इकबालची नज्म मुलांना जरूर शिकवावी. तिच्याबरोबर ही दुसरी बाजूही सांगावी. नाहीतर मुले फक्त इमारत गमावल्याचे दुःख शिकतील आणि इब्न रुश्दचे ग्रंथ कोणी जाळले, हे त्यांना कधीच कळणार नाही.