निर्वासित, विस्थापित आणि लातूर

इंग्रजीतल्या ‘रेफ्यूजी’साठी हिंदीने ‘शरणार्थी’ हा शब्द पत्करला, मराठीने ‘निर्वासित’. हा भेद केवळ रुचीचा नाही, असे आम्हांस वाटते. शरणार्थी म्हटले की ज्या दारात माणूस येऊन उभा राहिला ते दार डोळ्यांपुढे येते, तर निर्वासित म्हटले की मागे राहिलेले घर. १९५१ च्या जिनिव्हा करारातील व्याख्या यांपैकी पहिल्या अर्थाच्या जवळची आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट वा राजकीय मत यांपायी छळ होईल या सार्थ भयाने जो आपल्या देशाबाहेर आहे, तोच तिच्या लेखी निर्वासित. ‘देशाबाहेर’ हे पद तिच्यात कळीचे आहे. ज्याने सरहद्द ओलांडली नाही त्याच्यासाठी पुढे दुसरा शब्द घडवावा लागला, तो म्हणजे विस्थापित. मराठी ‘निर्वासित’ मात्र सरहद्दीची चौकशी करीत नाही. त्या शब्दाला वास सुटलेला पुरेसा असतो.

आंतरराष्ट्रीय संस्थांचा इतिहास लिहिताना जिनिव्हा, न्यूयॉर्क, पॅरिस ही गावे येतात. प्रस्तुत लेखात आम्ही तो लातूरकडून पाहू इच्छितो. तत्पूर्वी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा उल्लेख करणे भाग आहे, कारण महाराष्ट्राच्या भूमीवर अशा संस्थांचा हात सर्वांत ठळकपणे दिसला तो तेथे. सोव्हिएत रशियाने १९४०-४१ मध्ये पोलंडच्या पूर्व भागातून हद्दपार केलेली कुटुंबे सैबेरिया, मध्य आशिया व इराण असा प्रवास करीत हिंदुस्थानात पोहोचली. १९४३ पासून त्यांतील सुमारे ५,००० माणसे, मुख्यतः स्त्रिया व मुले, वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. आरंभी खर्चाचा भार लंडनस्थित पोलिश सरकारवर होता. १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतल्यावर या माणसांना वाली कोण, हा प्रश्न उभा राहिला, आणि तेथे आधी ‘अन्रा’ ही संयुक्त राष्ट्रांची मदत व पुनर्वसन संस्था व नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना पुढे आली. कोणाला मायदेशी जायचे, कोणाला ब्रिटन वा ऑस्ट्रेलियाला, याची विचारपूस झाली, कागदपत्रे झाली, जहाजे मिळाली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली.

त्याच बराकींत मग सिंधमधून आलेले निर्वासित राहावयास आले, व त्या वस्तीचे गांधीनगर झाले. जागा व छपरे तीच राहिली, माणसेही सर्वस्व गमावलेलीच होती. पण सिंधी निर्वासितांच्या संदर्भात आंतरराष्ट्रीय संघटनेचे नाव कोठे येत नाही. फाळणीचे निर्वासित हे नव्या दोन राष्ट्रांचे स्वतःचे काम मानले गेले, आणि पुढे १९५१ चा करार मुख्यतः युरोपातील घटना नजरेपुढे ठेवून रचला गेला. भारताने त्या करारावर अद्याप सही केलेली नाही. तो युरोपकेंद्री आहे हा भारताचा आक्षेप सर्वस्वी सबबीचा नव्हता, हे वळिवड्याच्या बराकी पाहिल्या तर मान्य करावे लागते.

आता लातूर. १९४८ साली लातूर हा हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. रझाकारांचा नेता कासीम रझवी याची वकिली याच गावी होती. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांना कंटाळून मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे सरहद्दीपलीकडे, बार्शी-सोलापूरकडे, वऱ्हाडाकडे गेली. मुक्तिसंग्रामावरील मराठी लेखनात, विशेषतः अनंत भालेराव यांच्या ग्रंथात, सरहद्दीवरील कॅम्पांचा इतिहास आला आहे. मात्र त्या लेखनात कॅम्प हा लढणाऱ्यांचा असतो. भांडीकुंडी घेऊन आलेल्या बायामुलांचा त्यात ओझरताच उल्लेख सापडतो.

ही माणसे निर्वासित की विस्थापित? प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल, पण १९४८ च्या ऑगस्टात तो अगदी खरा होता. २१ ऑगस्ट रोजी निजाम सरकारने सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार नोंदवली. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र मानले तर लातूरहून बार्शीला गेलेला शेतकरी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेला होता, भारताचे म्हणणे मानले तर तो एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला होता. पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला या प्रकरणाची चर्चा सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली, आणि त्याने तक्रार मागे घेतल्याची तार गेली. राष्ट्रांच्या त्या सभेत राज्याच्या दर्जाचा वाद होता. त्या वादापायी घर सोडलेल्यांचे काय, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हताच.

पोलीस कारवाईनंतर दुसरा लोंढा निघाला, उलट दिशेने. सूडाच्या लाटेत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पोळलेले म्हणून नोंदवले, आणि संस्थानातील मृतांचा अंदाज किमान २७,००० ते ४०,००० असा दिला. लातूरविषयी समितीने लिहिले ते असे: गावात कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी पेढी-वस्ती होती, कत्तल वीसहून अधिक दिवस चालली, सुमारे १०,००० मुसलमानांपैकी जेमतेम ३,००० समितीस गावात आढळले, हजारांवर मारले गेले व उरलेले जीव घेऊन पळाले. मराठवाड्यातून परागंदा झालेल्या कित्येकांनी हैदराबाद शहराची वाट धरली. हा अहवाल दीर्घकाळ सरकारी दप्तरात पडून होता. संपूर्ण मजकूर सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचण्यास २०१३ साल उजाडले.

समिती मराठवाड्यात फिरत होती तो १९४८ चा डिसेंबर. त्याच महिन्याच्या १० तारखेस पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला, आणि त्याच्या चौदाव्या कलमात छळापासून आश्रय मागण्याचा हक्क लिहिला गेला. तो हक्क ‘इतर देशांत’ मागावयाचा होता. लातूरच्या व्यापाऱ्याला इतर देश नव्हता, म्हणून त्याच्या वाट्याला कलमही नव्हते. आमच्या मुक्तिसंग्रामाच्या गौरवलेखनाने या माणसांना ‘निर्वासित’ हा शब्दही सहसा दिला नाही. जिनिव्हाच्या व्याख्येला नावे ठेवताना ही आपली कंजुषी नोंदवलेली बरी.

पंचेचाळीस वर्षांनी आंतरराष्ट्रीय संस्था लातूरला आल्या, त्या वेगळ्याच निमित्ताने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत सुमारे ८,००० माणसे गेली. मारले ते भूकंपाइतकेच घरांनी, असे म्हणावे लागते: मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छप्पर त्या पहाटे अंगावर आले.

येथे ज्या संस्थेने मुख्य भार उचलला ती निर्वासितांची संस्था नव्हे, जागतिक बँक होती. तिची त्या वर्षीची पार्श्वभूमी ध्यानी घेण्याजोगी आहे. त्याच मार्चमध्ये, मोर्स समितीच्या कठोर अहवालानंतर, भारताने सरदार सरोवरासाठीचे बँकेचे उर्वरित कर्ज नाकारले होते. मणिबेलीसारखी महाराष्ट्रातली गावे पाण्याखाली जात होती, आणि विस्थापितांशी न बोलता आखलेले पुनर्वसन हा बँकेवरचा प्रमुख ठपका होता. तीच बँक १९९४ मध्ये सुमारे २४.६ कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज घेऊन किल्लारीच्या पुनर्वसनात उतरली, आणि लोकसहभाग ही कार्यक्रमाची अट झाली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे तांत्रिक साहाय्य होते. हे संरक्षण नव्हे, कर्ज होते. शासनाने ते फेडावयाचे होते. पण कर्जाबरोबर आलेल्या अटींनी गावकऱ्याला विचारणे शासनाला भाग पाडले, हेही तितकेच खरे.

५२ गावे नव्या जागी हलवली गेली. कित्येक गावे संस्थांनी व उद्योगांनी ‘दत्तक’ घेतली. दत्तक हा शब्द आम्हांस येथे नेहमी खटकतो, कारण दत्तक घेतलेल्याचे आधीचे गोत्र संपते. बाणेगाव मल्याळम मनोरमा वृत्तपत्राने लॉरी बेकर यांच्या आराखड्यानुसार बांधले, तेथे घरांच्या ठेवणीचा विचार झाला. बहुतेक ठिकाणी मात्र सरळ रस्त्यांची, चौकोनी आखणीची वसाहत उभी राहिली. गल्ली, वेस, पार, गढीची सावली हे सारे जुन्या गावठाणात उरले. नवे गाव कितीतरी पट जागेत पसरले, शेजार तुटला, शेत लांब पडले. घराचे आकारमान जमिनीवरून ठरले: भूमिहीनास व अत्यल्पभूधारकास २५० चौरस फूट, मधल्यास ४००, मोठ्या जमीनवाल्यास ७५०. जमीन कोणत्या जातीकडे किती हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही. भूकंपाने जी उतरंड एका रात्रीत सपाट केली होती, ती चौरस फुटांच्या रूपाने पुन्हा रचली गेली.

याहून रमणीय भाग, आणि तुलनेने कमी वर्णिला गेलेला, दुरुस्तीचा आहे. जी गावे हलली नाहीत तेथील दोन लाखांच्या आसपास घरे जागच्या जागी बळकट करावयाची होती: भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवणे, कोपरे जखडणे, माळवदावरची माती उतरवणे. पैसा घरमालकाच्या हाती, देखरेख अभियंत्याची. या दोघांमधला दुवा म्हणून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया नेमल्या गेल्या. त्यांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणत. सरकारी योजनांच्या भाषेत इतका नेमका शब्द क्वचित आढळतो. लाभार्थी ही ज्यांची आजवरची ओळख, त्या बायका सिमेंटचा हिशेब विचारू लागल्या, गवंड्याला दगड काढून पुन्हा बसवावयास सांगू लागल्या.

कार्यक्रम १९९८ मध्ये संपला. त्याच वर्षी फ्रान्सिस डेंग यांनी सिद्ध केलेली अंतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांपुढे आली. त्यांत नैसर्गिक आपत्ती आणि हिंसाचार, दोन्हींमुळे घर सोडावे लागलेले पण मान्य आंतरराष्ट्रीय सरहद्द न ओलांडलेले लोक एकाच व्याख्येत बसतात. किल्लारीचा भूकंपग्रस्त आणि १९४८ साली लातुरातून पळालेला व्यापारी कागदावर प्रथमच एका ओळीत आले. तत्त्वे बंधनकारक नाहीत, आणि पूर्वलक्षी तर नाहीतच.

२००१ च्या जानेवारीत कच्छ हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तेथील बायकांना भेटावयास गेल्या. भिंत कशी बांधावी, आणि घर कोणाच्या नावावर मागावे, या दोन गोष्टी त्यांना सांगता येत होत्या.