बारावा खेळाडू

कोपर स्थानकावर जलद लोकल थांबत नाही. दिवा आणि डोंबिवली यांच्या मधलं हे छोटं स्थानक. वरून वसईकडे जाणारा मार्ग, खालून धीम्या गाड्या. पहाटे या फलाटावर उभं राहिलं की पाठीवर क्रिकेटची किटबॅग घेतलेली दोन-चार मुलं हमखास दिसतात. बॅग मुलाच्या खांद्यावरून डोकं वर काढून बघत असते. गाडी आली की आधी बॅग आत ढकलायची, मग स्वतः घुसायचं, आणि मग पुढचा तासभर डब्यातल्या लोकांची बोलणी खायची.

माझा भाचा यांतलाच एक. वय पंधरा, मध्यमगती गोलंदाज. मागच्या हंगामाच्या सुरुवातीला त्याच्यापुढे एक पेच आला. तो ज्या क्लबात शिकतो, तिथले सर म्हणाले, ‘‘यंदा तू मोठ्यांच्या संघात राखीव. सराव सगळा त्यांच्याबरोबर, सामना मात्र पुढच्या वर्षी.’’ त्याच आठवड्यात दुसऱ्या क्लबाकडून निरोप आला, ‘‘आमच्याकडे ये, येत्या रविवारपासून खेळ.’’ माझ्या बहिणीने, म्हणजे आमच्या आपाने, निकाल माझ्यावर सोपवला. ‘‘मामू शिकलेला आहे, त्याला विचारा.’’ मराठी घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला गोलंदाजीतलं काय कळतं, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडत नाही. मलाही त्या दिवशी पडला नाही, कारण त्या प्रश्नाशी माझा एक जुना हिशेब बाकी होता. त्याच्याकडे येतो.

हा पेच जुना आहे आणि जगभरचा आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत त्यांचा तो अंगावर धडकायचा फुटबॉल खेळतात. तिथे या थांबण्याला चक्क नाव आहे, ‘रेडशर्ट’. 1937 साली नेब्रास्का विद्यापीठातल्या वॉरन आल्फसन नावाच्या खेळाडूने मागणी केली की, मला सराव करू द्या, पण यंदा सामन्यात उतरवू नका. सरावात त्याच्या अंगात क्रमांक नसलेला लाल सदरा असे. त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. 1972 पर्यंत तर पहिल्या वर्षाच्या मुलाला मुख्य संघात खेळायला परवानगीच नव्हती. ती मिळाल्यावर वाद सुरू झाला. आल्या आल्या खेळवायचं, की एक वर्ष अंग भरू द्यायचं? चार हंगाम खेळायला पाच वर्षं मिळत, म्हणून बाहेर बसलेलं वर्ष वाया जात नसे. पुढे 2018 मध्ये, चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी ते वर्ष खर्ची पडत नाही, अशी सवलत आली.

आपल्याकडे या गोष्टीला नियम नाही, नाव नाही. आहे तो फक्त ‘बारावा खेळाडू’. पाणी न्यायचं, हातमोजे न्यायचे, कोणी लंगडला की क्षेत्ररक्षणाला धावायचं. पण मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास चाळला तर लक्षात येतं की, या बाराव्याच्या जागेवर मोठमोठी माणसं बसून गेली आहेत.

सुनील गावस्कर यांचंच घ्या. 1966 मध्ये ते देशातले सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरले. एवढा डंका वाजल्यावर थेट मुंबईच्या संघात जायला हवं होतं. गेलेही, पण बाकावर. दोन वर्षं संघासोबत राहिले, सामना मिळाला नाही. मिळाला तेव्हा शून्यावर बाद झाले. मामा माधव मंत्री निवड समितीवर, त्यामुळे लोक काय बोलले असतील ते मी सांगायला नको. पुढच्या सामन्यात राजस्थानविरुद्ध शतक केलं. 1971 मध्ये वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत 774 धावा काढल्या, आणि त्या दोन वर्षांची आठवण कोणी काढेनासं झालं.

त्याउलट दिलीप वेंगसरकर. 1975 च्या इराणी चषकात, नागपूरला, एकोणीस वर्षांच्या या पोराने बेदी-प्रसन्नांना झोडपून 110 धावा केल्या आणि लगेच भारताच्या संघात गेला. त्याला कोणी थांबवलं नाही, थांबवण्याची गरजही नव्हती.

गंमत पुढे आहे. याच वेंगसरकरांनी पुढे सरावात एका कोवळ्या मुलाला कपिलदेवचा मारा खेळताना पाहिलं. नोव्हेंबर 1987 मध्ये त्या मुलाचं, सचिन तेंडुलकरचं, नाव मुंबईच्या रणजी संघात आलं. आपल्याला वाटतं, सचिन म्हणजे थेट उडी. पण 1987-88 च्या त्या अख्ख्या हंगामात तो एकही रणजी सामना खेळला नाही. बदली क्षेत्ररक्षक म्हणून धावला, मोठ्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये कोपऱ्यात बसला. डिसेंबर 1988 मध्ये वानखेडेवर गुजरातविरुद्ध पहिल्यांदा उतरला आणि नाबाद शतक करून आला. वय पंधरा.

इथेही थांबवणं संपलं नव्हतं. 1989 च्या सुरुवातीला भारताचा संघ वेस्ट इंडिजला जाणार होता. निवड समितीत सचिनच्या नावाची चर्चा झाली आणि ते बाजूला ठेवलं गेलं. मार्शल, अँब्रोज, बिशप यांच्यापुढे एवढ्या लहान मुलाला इतक्या लवकर उभं करू नये, असा विचार होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात, राजसिंह डुंगरपूर अध्यक्ष असलेल्या समितीने त्याला पाकिस्तानला पाठवलं. तिथे काही फुलं वाट पाहत नव्हती. सियालकोटला वकार युनूसचा चेंडू नाकावर बसला, रक्त आलं, हा तसाच खेळत राहिला. तो चेंडू आठ-दहा महिने आधी, वेस्ट इंडिजमध्ये बसला असता तर? या ‘तर’ला उत्तर नाही. पण त्या समितीने तो प्रश्न स्वतःला विचारला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता याच्या उलटी गोष्ट, तीही याच मुलाची. रमाकांत आचरेकर सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, एका दिवसात जमतील तितके डाव खेळायला लावत. एकदा सरांनी ठरवून दिलेला सामना सोडून तो शाळेच्या मोठ्या संघाचा सामना बघायला वानखेडेवर गेला. सरांनी तिथेच कानाखाली वाजवली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला यायचं नाही, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असं खेळ, अशा अर्थाचं ते बोलले. सचिनने ही आठवण स्वतः पुष्कळदा सांगितली आहे.

मग सर बरोबर, की बाकावर बसवणारे निवडकर्ते? मी पुष्कळ दिवस यावर डोकं खाजवलं. मग तारखा शेजारी शेजारी मांडल्या. ज्या हंगामात सचिन मुंबईच्या संघात पाणी नेत होता, त्याच हंगामात, फेब्रुवारी 1988 मध्ये, आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात त्याने विनोद कांबळीबरोबर 664 धावांची भागी केली. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349. म्हणजे तो एका जागी बसला होता आणि दुसऱ्या जागी दिवसभर खेळत होता. बाकावरचं वर्ष आणि मैदानावरचं वर्ष एकच होतं. नुसतं बसवलेल्या मुलाचं काय होतं, हे या गोष्टीतून कळत नाही, आणि आपल्याकडची बहुतेक मुलं नुसतीच बसवलेली असतात.

त्या 664 च्या वेळी एक तिसरा मुलगा पॅड बांधून बसला होता. अमोल मुझुमदार. पुढचा नंबर त्याचा होता आणि तो आलाच नाही. रणजी पदार्पणात, 1994 मध्ये, त्याने हरयाणाविरुद्ध 260 धावा केल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या. भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. कांबळी मात्र पटकन वर गेला. 1993 मध्ये लागोपाठच्या कसोटींत दोन द्विशतकं केली, आणि 1995 मध्ये त्याचं कसोटी क्रिकेट संपलंही. सतरा कसोटी, सरासरी 54 च्या वर. एकाच शाळेचे, एकाच सरांचे तीन मुलगे. लवकर-उशिराचं गणित कोणाला या तिघांवरून सोडवायचं असेल तर त्याने जरूर प्रयत्न करावा.

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून हाच मुझुमदार सीमारेषेशी उभा होता. अंतिम सामन्यात 87 धावा आणि दोन बळी घेणारी शफाली वर्मा पंधराव्या वर्षी भारताकडून खेळलेली, पुढे वगळलेली, मूळ विश्वचषक संघातही नसलेली. दुसरी मुलगी जायबंदी झाली म्हणून तिला बोलावणं गेलं. पॅड बांधून बसलेल्या माणसाने बाहेर बसलेल्या मुलीला काय सांगितलं असेल, याचा मी त्या रात्री बराच वेळ विचार करत होतो.

आमच्या डोंबिवलीचं उदाहरण तर घरचंच. अजिंक्य रहाणे. लहानपणी रिक्षाचे पैसे परवडत नसत, तेव्हा आई एका हातावर धाकट्याला आणि दुसऱ्या हातात किटबॅग घेऊन त्याला सरावाला चालत नेत असे. त्याची भारताच्या कसोटी संघात निवड झाली नोव्हेंबर 2011 मध्ये. पहिली कसोटी तो खेळला मार्च 2013 मध्ये, दिल्लीत. सोळा महिने! मधे ऑस्ट्रेलियाचा अख्खा दौरा झाला, भारत चारही कसोटी हरला, तरी हा बाहेरच. वय तेवीस, चोवीस, धावांचे ढीग मागे. आणि खेळायला मिळाल्यावर काय? 7 आणि 1. त्या संध्याकाळी आमच्या लोकलच्या डब्यात जे बोलणं झालं ते छापण्यासारखं नाही. वर्षअखेरीस डर्बनला त्याने नाबाद 51 आणि 96 केल्या, 2014 मध्ये लॉर्ड्सवर शतक ठोकलं, आणि डिसेंबर 2020 मध्ये मेलबर्नला कर्णधार म्हणून 112. तोच डबा, तीच माणसं. मग सगळ्यांना तो आपल्या शेजारचाच वाटू लागला.

आणि कोपरपासून जवळच असलेल्या कल्याणचा प्रणव धनावडे. जानेवारी 2016 मध्ये, पंधराव्या वर्षी, शालेय सामन्यात 327 चेंडूंत नाबाद 1009. इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्सचा 1899 सालचा नाबाद 628 चा विक्रम त्याने मोडला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. घरी कॅमेरे आले, सत्कार झाले. वडील रिक्षाचालक. पुढच्याच वर्षी, मुलाच्या धावा होत नाहीत म्हणून, त्यांनी आपणहून पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. मला त्या 1009 पेक्षा ते पत्र मोठं वाटतं. त्या मुलाला कोणी लवकर खेळवलं नव्हतं. आपणच सगळ्यांनी त्याला लवकर मोठा केला होता.

अमेरिकेतल्या मुलाचं जास्तीचं वर्ष बहुतेकदा कॉलेजची शिष्यवृत्ती भरून काढते. इथे ते वर्ष कोणी भरायचं? लोकलचा पास, बूट, क्लबाची फी, दहावीची परीक्षा, आणि ‘अजून खेळत नाही का?’ असं विचारणारे नातेवाईक. थांबणं ही महाग गोष्ट आहे. म्हणून गरिबाघरची माणसं घाई करतात. मीही केली.

माझा मुलगा 2010 मध्ये चौदा वर्षांचा होता. तोही वेगवान गोलंदाज. एका प्रशिक्षकाने त्याला थेट मोठ्यांत घेतलं आणि मी मोहल्ल्यात पेढे वाटले. त्या हंगामात तो सकाळी एका संघाकडून, दुपारी दुसऱ्याकडून गोलंदाजी करायचा. वाढत्या वयात पाठीच्या मणक्याचं हाड कच्चं असतं, सारखा ताण पडला की त्याला बारीक चीर जाते. हे मला डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून सांगितलं तेव्हा कळलं. पाठ दुखते म्हणून तो तीन महिने सांगत होता. प्रशिक्षक म्हणायचे, ‘‘सवय होईल.’’ त्यांच्यावर राग काढणं सोपं आहे. पण घरी मीही तेच म्हणत होतो, बहुधा जास्त गोड शब्दांत. आज तो नोकरी करतो, बरा आहे, रविवारी सामने बघतो. जड पिशवी मात्र उचलत नाही.

म्हणून आपाने विचारलं तेव्हा मी आधी मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘बसू दे त्याला. पण अब्बा, बसवतील तिथे त्याच्या वयाच्या सामन्यांत खेळू देतील का, ते विचारा.’’ मी जाऊन विचारलं. सर म्हणाले, ‘‘शाळेकडून खेळेल की! पण किती षटकं टाकायची ते मी ठरवणार.’’ आम्ही राखीव जागा घेतली. भाचा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

चूक की बरोबर, ते अजून कळलेलं नाही. परवा रविवारी सामना होता. संध्याकाळी तो घरी आला, बॅग दाराशी टाकली. आपाने विचारलं, ‘‘खेळलास?’’

‘‘नाही. पाणी नेलं.’’

मग हात धुता धुता माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘मामू, त्यांचा सलामीचा फलंदाज आहे ना, पुढे यायचं ठरवलं की आधी डावा अंगठा हलवतो. कोणाच्याच लक्षात आलं नाही.’’

‘‘मग तू सांगितलंस का कोणाला?’’

‘‘कशाला सांगू?’’ तो म्हणाला, आणि जेवायला बसला.