उस्मानियाच्या मैदानावरून मेलबर्नला : निजामी राज्यातील फुटबॉलची गोष्ट

१/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परभणीच्या तरुणाला महाविद्यालयीन संघातून फुटबॉल खेळायचे असते, तर प्रथम घर सोडावे लागले असते. जिल्ह्यात तेव्हा एकही महाविद्यालय नव्हते. औरंगाबाद, बीड, नांदेड, उस्मानाबाद यांच्याप्रमाणे परभणीही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, आणि मनमाडहून निघालेली मीटरगेज रेल्वे परभणीवरून थेट राजधानीला जात होती.

२/ राजधानीत १९१८ साली निजामाच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. भारतीय भाषेतून आधुनिक उच्च शिक्षण देणारा हा मोठा प्रयोग होता. पण मराठी, तेलुगू वा कन्नड घरातून आलेल्या विद्यार्थ्याला ज्ञानाच्या आधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे.

३/ याच उस्मानियाच्या संघातून सय्यद अब्दुल रहीम हा तरुण खेळू लागला. जन्म १९०९, हैदराबाद. पुढे आजी-माजी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या ‘इलेव्हन हंटर्स’ या संघातही तो होता. त्या काळी खेळून पोट भरत नसे. पदवीनंतर रहीम शाळामास्तर झाले.

४/ येथे कथेला वळण मिळते. खेळाडू म्हणून रहीम यांचे नाव फारसे कोणाच्या लक्षात राहिले नसते. शिक्षक म्हणून मात्र त्यांनी खेळाकडे नव्या नजरेने पाहिले. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक.

५/ त्यांच्या स्पर्धांचे नियम पाहा. एका स्पर्धेत चेंडू पायाशी घोळवत नेण्यास मनाई. मिळताच तो सहकाऱ्याकडे द्यायचा. दुसरीत केवळ आपल्या कमकुवत पायानेच खेळायचे. जे येत नाही तेच गिरवून घेणे, ही वर्गातली रीत त्यांनी मैदानावर आणली. फळ लवकरच दिसले : मुंबईचा मानाचा रोव्हर्स चषक हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला.

६/ वाट सरळ नव्हती. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या भारतीय संघाने सुवर्ण जिंकले. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने त्याच भारताला १०-१ असे चिरडले. आपले बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले.

७/ आता दोन तारखा शेजारी ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ : राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्य संपले आणि परभणीसह मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ डिसेंबर १९५६ : मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे रहीम. चारपैकी तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळ गोमंतकीय नेव्हिल डिसूझांचे. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला.

८/ १९६२ मध्ये जाकार्ता येथे रहीम यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून आशियाई सुवर्ण पुन्हा मिळवले. कर्करोगाने पोखरलेले रहीम साहेब ११ जून १९६३ रोजी गेले.

९/ इतिहासात चषकांची नोंद राहते, महाविद्यालयीन संघांची क्वचितच. परंतु उस्मानियाच्या त्या संघाने देशाला एक शिक्षक दिला. मात्र याच गोष्टीची दुसरी बाजूही विसरू नये. शिक्षण राजधानीत आणि परक्या भाषेत असताना परभणीच्या वाड्यावस्त्यांतील किती मुले त्या मैदानापर्यंत पोहोचू शकली असतील? मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये, उस्मानियानंतर तब्बल चाळीस वर्षांनी. रहीम घडले ते एका मैदानामुळे. म्हणूनच मैदान कोणाच्या गावात आहे, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे.