प्रवरानगर
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील लोणीजवळची सहकारी उद्योगवसाहत. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून या अवर्षणप्रवण पट्ट्यात पोचले आणि ऊस पिकू लागला. साखरेचा नफा मात्र खासगी कारखानदारांकडे जाई. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून सहकारी साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभे केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०–५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. यंत्रे नेहमीचीच, नवी होती ती मालकी. ऊस घालणारा सभासदच कारखान्याचा धनी झाला. याच पायावर पुढे शाळा, तंत्रनिकेतन, रुग्णालय उभे राहिले. कालव्याबाहेरच्या कोरडवाहू गावांना हा लाभ फारसा मिळाला नाही, हे या प्रारूपाचे मोठे वैगुण्य होय.