नहेम्याचे 52 दिवस

(एलूल महिन्यात सायंकाळच्या प्रार्थनेनंतर दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



एलूल हा आत्मपरीक्षणाचा महिना. याच महिन्याच्या 25 तारखेला यरुशलेमच्या तटाचे काम पुरे झाले आणि ते 52 दिवस चालले, अशी नोंद नहेम्याच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आहे. मागे हिशेब केला तर कामाचा प्रारंभ आब महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झाला असे दिसते. ज्या दिवसांत आपण बेथ हमिकदाशच्या विध्वंसाचा शोक करतो, नेमक्या त्याच दिवसांत ही मंडळी दगडावर दगड रचत होती. त्या 52 दिवसांत त्यांच्यावर कोणकोणते कपटाचे प्रयोग झाले आणि तरीही काम कसे तडीस गेले, हा आजचा विषय आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. इ.स.पूर्व 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. पुढे पारसिक सम्राटांच्या अनुज्ञेने लोक परतले आणि बेथ हमिकदाश पुन्हा उभे राहिले. परंतु नगराचा तट भग्नच होता. अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व 445 मध्ये, शूशन येथे राजाचा प्यालेबरदार असलेल्या नहेम्याने राजाकडे रजा मागितली. राजाने त्याला अधिकारपत्रे दिली आणि राजवनातून लाकूड देण्याचा हुकूमही दिला. यरुशलेमास पोहोचल्यावर तीन दिवस तो काहीच बोलला नाही. मग एका रात्री मोजकी माणसे बरोबर घेऊन त्याने पडक्या तटाची पाहणी केली. मनातला बेत त्याने लोकांपुढे मांडला तो त्यानंतर.

विरोध करणारे तिघे प्रमुख होते : सनबल्लट, तोबीया आणि गेशेम. ही केवळ कथेतली पात्रे नव्हेत. मिसरमधील एलेफंटाईन बेटावरच्या यहुदी वसाहतीने इ.स.पूर्व 407 मध्ये लिहिलेले एक पत्र सापडले आहे. त्यात शोमरोनचा अधिपती सनबल्लट याच्या दोन पुत्रांचा उल्लेख आहे. मिसरमध्येच मिळालेल्या एका चांदीच्या वाडग्यावर केदारच्या राजाचे नाव कोरले असून त्याच्या पित्याचे नाव गश्मू असे दिले आहे. हा गश्मू म्हणजेच गेशेम, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उत्तरेला शोमरोन, पूर्वेला अम्मोन, दक्षिणेला अरब टोळ्या, अशा सत्ताधाऱ्यांच्या वेढ्यात हे छोटेसे नगर होते. यरुशलेम समर्थ झाले तर आपले वर्चस्व घटेल, हे तिघेही जाणून होते.

आरंभी त्यांनी उपहास केला. या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती ढासळेल, असे तोबीया म्हणाला. उपहासाने काम थांबेना, तेव्हा हल्ल्याच्या धमक्या आल्या. नहेम्याने अर्ध्या माणसांच्या हाती शस्त्रे दिली, शिंग फुंकणारा स्वतःजवळ ठेवला आणि काम चालू ठेवले. भिंत बांधणारे कोण होते, हे तिसऱ्या अध्यायात नावानिशी नोंदले आहे. त्यात कोहेन आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याच्या कन्याही आहेत. तकोवा गावच्या श्रीमंतांनी मात्र कामाला मान वाकवली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले आहे.

तटाच्या कामाची हकिकत अशी रंगात आली असताना पाचवा अध्याय एक वेगळाच प्रसंग सांगतो. गोरगरीब स्त्री-पुरुषांनी आक्रोश केला. दुष्काळात त्यांची शेते आणि द्राक्षमळे गहाण पडले होते, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढावे लागले होते, मुलेबाळे दास्यात जात होती. आणि सावकार होते ते त्यांचेच यहुदी बांधव. नहेम्या संतापला. त्याने विचार केला, मोठी सभा बोलावली, सरदारांना सर्वांसमक्ष जाब विचारला आणि शेते, मळे, घरे व घेतलेले व्याज परत करण्याची शपथ त्यांच्याकडून घेतली. त्याने स्वतःही बारा वर्षे अधिपतीचा भत्ता घेतला नाही.

हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण यापुढे जे घडले ते याच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे.

तट उभा राहिला, केवळ वेशींची दारे बसायची उरली. तेव्हा विरोधकांनी भाषा बदलली. ओनोच्या मैदानातील एका गावी भेटून बोलू, असा निरोप आला. ओनो म्हणजे लोदजवळचा सपाट प्रदेश. आज लोद आणि रामले येथे आपली कितीतरी कुटुंबे राहतात, त्यांना यरुशलेमचा चढ आणि हे अंतर ठाऊक आहे. त्या काळी जाण्यायेण्यातच दोन दिवस गेले असते, आणि वाटेत घात होण्याचे भय वेगळेच. नहेम्याचे उत्तर एवढेच, की हाती मोठे काम आहे, ते सोडून खाली येता येत नाही. निमंत्रण चार वेळा आले. उत्तर चारही वेळा तेच गेले. त्याने नवे कारण शोधले नाही, रागही दाखवला नाही.

पाचव्या वेळी सनबल्लटाचा सेवक उघडे पत्र घेऊन आला. पत्रावर मोहोर नव्हती. वाटेत ज्याच्या हाती पडेल त्याने ते वाचावे, हाच त्यामागचा हेतू असणार. यहुदी बंड करणार आहेत, नहेम्या राजा होऊ पाहतो आहे, असा आरोप त्यात होता आणि साक्षीदार म्हणून गश्मूचे नाव होते. हा आरोप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. याच अर्तहशश्ताच्या कारकिर्दीत असेच एक पत्र राजाकडे गेले होते आणि राजाज्ञेने नगराचे बांधकाम बंद पडले होते, हे एज्राच्या ग्रंथात नमूद आहे. एकदा यशस्वी झालेले हत्यार पुन्हा उपसले गेले होते. नहेम्याने उत्तरी कळवले, की असे काहीही घडलेले नाही, हे तुमच्याच मनाने रचलेले आहे. मग आपल्या हातांना बळ दे अशी परमेश्वराला विनवणी करून तो कामाकडे वळला.

शेवटचा डाव सर्वांत सूक्ष्म होता. शमाया नावाच्या माणसाने भविष्यवाणीचा आव आणून सांगितले, की तुला मारायला येत आहेत, बेथ हमिकदाशच्या गाभ्यात दडून बस. शब्द धार्मिक होते, काळजीही दिसत होती. परंतु नहेम्या कोहेन नव्हता. त्या ठिकाणी जाणे त्याला तोराने निषिद्ध होते. जो सल्ला आज्ञा मोडायला सांगतो तो परमेश्वराकडून आलेला नाही, हे त्याने ओळखले. शमायाला तोबीया व सनबल्लट यांनी पैसे दिले होते.

बंधुभगिनींनो, आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. गरिबांचा आक्रोश कानी आला तेव्हा नहेम्याने सभा भरवली, वेळ दिला, शत्रू डोक्यावर असताना आपल्याच सरदारांचा रोष पत्करला. सनबल्लटाचे पाच निरोप आले, त्यांना प्रत्येकी एक वाक्य मिळाले. निष्ठा आणि हट्ट यांतील भेद मला येथे दिसतो. हट्टी माणूस कोणाचेच ऐकत नाही. निष्ठावान माणूस खरी तक्रार आणि रचलेला आरोप यांची पारख करतो. पहिलीसाठी थांबतो, दुसऱ्यासाठी थांबत नाही. आणि त्याने पहिलीची दाद घेतली नसती, तर नाडलेल्या लोकांनी उघड्या पत्रातले असत्य सहज खरे मानले असते.

तट पुरा झाला तरी कपट संपले नाही. तोबीयाचे यहुदी सरदारांशी सोयरसंबंध होते. ज्या मशुल्लामने तटाचा भाग बांधला, त्याचीच कन्या तोबीयाच्या पुत्राला दिली होती. सरदार तोबीयाचे गुण नहेम्यापुढे गात आणि नहेम्याचे शब्द तोबीयाला कळवत. पुढे नहेम्या राजाकडे परत गेला असता एल्याशीब कोहेनाने बेथ हमिकदाशच्या आवारातील कोठारच तोबीयाला राहायला दिले. लेव्यांचा वाटा मिळेना आणि ते पोटासाठी शेतावर गेले. परत आल्यावर नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, खोली शुद्ध केली आणि धान्य पुन्हा आत ठेवविले. शब्बाथच्या दिवशी व्यापार होऊ नये म्हणून वेशी बंद ठेवण्याची आज्ञाही त्याने दिली. 52 दिवसांत बांधलेल्या तटाचा उपयोग काय, ते अशा दिवशी कळले.

कोकणात आपल्या पूर्वजांभोवती तट नव्हता. तरी शनिवारी तेलाचा घाणा बंद राहिला, आणि गावाने त्यांना शनवार तेली हे नाव दिले. वेस त्यांनी आपल्या घरातच सांभाळली.

आपल्या संस्थांच्या कामातही उपहास येतो, गोड निमंत्रणे येतात, निनावी पत्रे येतात, आणि कधी धर्माचा आव आणलेला सल्लाही येतो. त्याच वेळी कोणा विधवेची, कोणा वृद्धाची, कोणा तरुणाची खरी तक्रारही दाराशी उभी असते. रोश हशाना येण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या, की गेल्या वर्षी आपला वेळ यांपैकी कोणाला गेला.

परमेश्वर आपल्या हातांना बळ देवो आणि येणारे वर्ष सर्वांना शुभ लिहो. आमेन.