रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

या मालिकेत आपण मोहिमांवर आणि सेनापतींवर बरंच बोललो. आज विषय पोटाचा आहे. हसू नका. फौजेचा इतिहास सांगताना बंदुकीइतकंच पोटाविषयीही बोलावं लागतं.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. मी तरुण कॅप्टन होतो. कंपनीतला एक जवान दर आठ-दहा दिवसांनी सिक रिपोर्टला उभा राहायचा. म्हणायचा, ‘साहब, पेट में मरोड़ उठता है.’ त्याला आधी आव झाली होती, ती बरीही झाली होती. सगळ्या तपासण्या साफ होत्या. एके दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर कामचोर म्हटलं. तो खाली मान घालून उभा राहिला. काही वर्षांनी एका चौकीवर खराब पाण्याने मलाच आव झाली. ती गेली, पण मुरडा राहिला, वर्षानुवर्षं राहिला. रिपोर्ट मात्र नॉर्मल! माझा शब्द मलाच लागू पडला.

या दुखण्याला आज इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतात. नाव नवं, त्रास जुना. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय ग्रहणीदोषाचा आहे. ग्रहणी म्हणजे नेमका आयबीएस असं मी म्हणणार नाही, पण कधी घट्ट कधी पातळ होणारं पोट तिथे ओळखीचं वाटतं. तिथे ताकाची थोरवीही सांगितली आहे. इंग्लंडमध्ये विल्यम कमिंग या डॉक्टरने १८४९ मध्ये हेच कोडं मांडलं: एकाच माणसाला कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, हे कसं? १८९२ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि त्यांतल्या अनेकांच्या नाजूक मनःस्थितीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून ‘सगळं मनाचे खेळ’ हा शिक्का पुसायला फार काळ गेला.

तो पुसण्यात सैनिकांचा वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धात आवेने हजारो सैनिक आडवे झाले. जंतू गेले तरी काहींचं पोट पूर्वीसारखं झालं नाही. १९५० मध्ये स्टुअर्ट या डॉक्टरने यावर ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रूलव्ह यांनी १३० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या सुमारे चौथाई रुग्णांचा त्रास आवेनंतर सुरू झाला होता. म्हणजे लढाई संपली, पण तोफा थंडावल्या नाहीत. अमेरिकेत तर १९९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी २००१ च्या कायद्याने या आजाराला सेवेशी निगडित आजारांत जागा मिळाली.

आपल्याकडे अशा पोटाला बरीच वर्षं ‘जुनी अमीबा’ म्हणायची पद्धत होती. मीही त्या गोळ्यांचे कितीतरी कोर्स घेतले. मुरडा जागचा हलला नाही.

आता आहार. १९७० च्या दशकात डेनिस बर्किट या आफ्रिकेत काम केलेल्या सर्जनने तंतुमय अन्नाचं महत्त्व जगाला सांगितलं आणि पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर गव्हाचा कोंडा आला. १९९४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी रुग्णांनाच विचारलं. निम्म्याहून अधिक म्हणाले, कोंड्याने त्रास वाढला! आपल्या गुजरातेत पिकणारा इसबगोल मात्र टिकला. त्याचे तंतू पाण्यात विरघळून बुळबुळीत होतात, त्यामुळे तो पोटाला सौम्य पडतो. पाणी भरपूर घ्यायचं, हे विसरू नका.

२००५ च्या सुमारास मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी फॉडमॅप हा शब्द दिला. आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही शर्करा पाणी ओढतात, आंबतात, वायू करतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध हे त्यातले मोठे मानकरी. पद्धत तीन टप्प्यांची आहे: दोन ते सहा आठवडे हे पदार्थ थांबवायचे, मग एकेक करून परत आणायचे, आणि जे सोसत नाही तेवढंच कायमचं कमी करायचं. जन्मभर सगळं सोडणं हा याचा अर्थ नव्हे. मला कांदा-लसूण सोसत नाही, ज्वारीची भाकरी आणि भात सोसतो. फोडणीत हिंग चालतो. ताक मला थोडंच चालतं, तुमचं वेगळं असेल.

औषधांचीही अशीच गोष्ट. आतड्याच्या स्नायूंची पकड सैल करणारं मेबेव्हरिन १९६० च्या दशकात आलं. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलची चाचणी १९७९ मध्ये छापून आली. आणि अमिट्रिप्टिलिन! डॉक्टरांनी हे लिहून दिलं तेव्हा मी चिडलो, कारण ते नैराश्यावरचं जुनं औषध. मला वेडा समजलात का, असंच मनात आलं. पण इथे मात्रा अगदी कमी असते आणि काम असतं आतडं आणि मेंदू यांच्यातला वेदनेचा निरोप मंद करण्याचं. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ४६३ रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. अर्थात, हे डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यायचं. आणि शौचातून रक्त, वजन घटणं, पंडुरोग, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल तर तो आयबीएस समजून घरी बसू नका, तपासून घ्या.

आज माझं पोट पूर्ण बरं नाही, पण ताब्यात आहे. एकट्या आहाराने झालं नाही, एकट्या गोळीनेही नाही. दोन्ही आघाड्या सांभाळाव्या लागल्या.

त्या जवानाचा पत्ता मला पुढे मिळाला नाही. त्याची माफी मागायची राहून गेली. तुमच्या घरात, कचेरीत, पलटणीत कुणी पोट धरून बसलं आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तर निदान तुम्ही तो शब्द उच्चारू नका. रिपोर्टमध्ये दिसत नाही, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.